संत गोन्सालो गार्सिया : वसईचा मुलगा, नागासाकीचा रक्तसाक्षी



दरवर्षी ६ फेब्रुवारीला ख्रिस्तसभा जपानमधील नागासाकी येथे क्रूसावर प्राण दिलेल्या २६ रक्तसाक्ष्यांचे स्मरण करते. त्यांच्यापैकी संत पॉल मिकी यांचे नाव आपण नेहमी ऐकतो. परंतु या २६ जणांत एक जण आपल्या महाराष्ट्राचा होता, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. त्यांचे नाव संत गोन्सालो गार्सिया. त्यांचा जन्म वसईचा. आपल्या जळगाव-धुळ्याहून वसई म्हणजे रेल्वेने एका रात्रीचा प्रवास. केरळच्या संत अल्फोन्सा यांना २००८ साली संतपद मिळाले, तेव्हा त्या पहिल्या भारतीय स्त्री-संत ठरल्या. त्याच्या १४६ वर्षे आधी, १८६२ साली, वसईचा हा सुपुत्र संतांच्या यादीत गेला होता.

गोन्सालो यांचे जीवन हे केवळ एका धर्मवीराचे चरित्र नाही. युरोपातील राजांची गलबते पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यांवर पोहोचू लागली, तिथे त्यांनी बंदरे आणि वसाहती वसवल्या, त्या धामधुमीच्या काळाची ती कथा आहे. त्या गलबतांतून तोफा गेल्या, रेशीम गेले, चांदी गेली आणि शुभवर्तमानही गेले. हे सारे एकाच जहाजातून गेल्यामुळे लोकांना त्यांतला फरक कळेनासा झाला. त्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांत आपले गोन्सालो होते.

वसईचे बालपण

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगीजांना तह करून दिली. पुढे तिथे मोठा कोट उभा राहिला. कोटात गव्हर्नराचा वाडा, बाजार, चर्च, मठ आणि शाळा होत्या. संत फ्रान्सिस झेवियर स्वतः वसईला येऊन गेले होते. येशूसंघाचे आणि फ्रान्सिस्कन संघाचे धर्मगुरू दोघेही कोटात राहत.

अशा या वसईत १५५७ च्या सुमारास गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई वसईचीच. म्हणजे मुलाच्या अंगात दोन्ही रक्ते. घरात आईची बोली, कोटात पोर्तुगीज भाषा. लहानपणापासून दोन भाषांत वावरण्याची सवय त्याला अशी लागली. येशूसंघीय फादरांच्या शाळेत तो शिकला आणि त्यांच्याच सहवासात वाढला.

त्या काळी आपल्या खानदेशात फारुकी घराण्याचे राज्य होते. राजधानी बुऱ्हाणपूर, बळकट किल्ला असीरगड. येथील सुती कापड बैलांच्या तांड्यांवर लादून तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडे जाई. समुद्राकडे तोंड करून बसलेली वसई आणि जमिनीवरच्या वाटेवरचा खानदेश या दोन वेगळ्या दुनिया होत्या. तरी दोघांनाही एकाच व्यापाराच्या दोरीने बांधले होते, कारण हिंदुस्थानचे कापड मलाक्का आणि त्याच्याही पलीकडे जात होते.

दोन राजे आणि एक महासागर

गोन्सालो यांची पुढील हकीकत समजण्यासाठी त्या महासागराकडे थोडे पाहिले पाहिजे.

१४९४ साली पोर्तुगाल आणि स्पेन या दोन राज्यांनी तोर्देसियास येथे करार करून युरोपाबाहेरचे जग आपसांत वाटून घेतले. पोर्तुगीज पूर्वेकडे निघाले. गोवा, मलाक्का असे टप्पे घेत ते १५४३ साली जपानला पोहोचले आणि १५५७ च्या सुमारास चीनच्या किनाऱ्यावर मकाव येथे त्यांनी वस्ती केली. स्पॅनिश लोक पश्चिमेकडे निघाले. १५२१ मध्ये मॅगेलन पॅसिफिक ओलांडून फिलिपीन बेटांवर आला आणि तिथेच मारला गेला. १५६५ साली लेगास्पी मेक्सिकोहून तिथे आला आणि त्याने वसाहत घातली. १५७१ मध्ये मनिला ही स्पॅनिश राजधानी झाली. बेटांना नाव मिळाले तेही स्पेनच्या राजाचे, फिलिपचे.

१५६५ साली उर्दानेता नावाच्या ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी फिलिपीन बेटांकडून अमेरिकेला परतण्याचा मार्ग शोधला. ते पूर्वी दर्यावर्दी होते. या मार्गाने जहाज आधी उत्तरेला जपानच्या बाजूने चढायचे, तिथले पश्चिमी वारे पकडून महासागर ओलांडायचे आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने खाली मेक्सिकोतील आकापुल्को बंदरात उतरायचे. याच मार्गाने चिनी रेशीम, मसाले आणि हिंदुस्थानी कापड अमेरिकेला जाई आणि तिकडची चांदी मनिलाला येई. प्रवासाला चार ते सहा महिने लागत. तहान, रोगराई आणि वादळे यांनी कित्येक माणसे वाटेतच दगावत.

म्हणजे जपानला जाण्याचे दोन दरवाजे झाले. एक पोर्तुगीजांचा, मकावहून. दुसरा स्पॅनिशांचा, मनिलाहून. पहिल्या दरवाजातून येशूसंघीय गेले, दुसऱ्यातून फ्रान्सिस्कन. दोन्ही दरवाजांतून गेलेल्या मोजक्या माणसांत आपले गोन्सालो आहेत.

परकी भाषा आपली करणारा मुलगा

वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास गोन्सालो येशूसंघीय फादरांबरोबर जपानला निघाले. तो प्रवास सोपा नव्हता. गोव्याहून मलाक्का, मलाक्काहून मकाव, आणि तिथे पुढच्या वर्षीच्या अनुकूल वाऱ्याची वाट पाहत थांबायचे. एका बाजूच्या प्रवासालाच वर्षाहून अधिक काळ जाई.

जपानमध्ये ख्रिस्ताची वार्ता संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५४९ साली नेली होती. तिथले फादर संख्येने थोडे होते आणि बहुतेकांना जपानी भाषा जड जाई. गोन्सालो यांनी मात्र ती पोटतिडकीने शिकून घेतली. लोकांत मिसळून, त्यांच्या घरी बसून, त्यांचे शिष्टाचार पाळून ते जपानी बोलू लागले. पुढील सुमारे आठ वर्षे ते धर्मशिक्षक म्हणून गावोगाव हिंडले, मुलांना प्रार्थना शिकवल्या आणि फादरांचे दुभाषी झाले.

येशूसंघात व्रतस्थ व्हावे, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. त्यांची विनंती मान्य झाली नाही आणि एवढ्या वर्षांच्या सेवेनंतर त्यांना बाजूला व्हावे लागले. बंधुभगिनींनो, देवाच्या कामासाठी पुढे केलेला हात माणसांनी स्वीकारला नाही, तर मनाला किती वेदना होतात हे ज्यांनी अनुभवले असेल त्यांनाच कळेल. गोन्सालो निराश झाले असतील. पण त्यांनी श्रद्धा सोडली नाही आणि ज्यांनी घेतले नाही त्यांच्याशी वैरही धरले नाही.

व्यापारी आणि मग अनवाणी ब्रदर

पोटासाठी त्यांनी व्यापार सुरू केला. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती, शब्दाला किंमत होती. चीन, जपान आणि आग्नेय आशियातील बंदरांशी त्यांचा व्यवहार वाढला आणि हाती चांगला पैसा आला. वसईहून निघालेला मुलगा आता एक यशस्वी व्यापारी होता. तो तिथेच थांबला असता, तर कोणी त्याला दोष दिला नसता.

व्यापाराच्या निमित्ताने ते मनिलाला आले. तिथे त्यांची गाठ फ्रान्सिस्कन संघाच्या अनवाणी राहणाऱ्या, जाडाभरडा झगा आणि कमरेला दोरी बांधणाऱ्या व्रतस्थांशी पडली. संत फ्रान्सिस असिसीकर यांची गरिबीची वाट त्यांना भावली. १५८८ च्या सुमारास त्यांनी धंदा सोडला, संपत्ती सोडली आणि ते फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. ते धर्मगुरू झाले नाहीत. ज्याला आपण साधा ब्रदर म्हणतो, तेवढेच ते अखेरपर्यंत राहिले.

मनिलाच्या वेशीबाहेर दिलाव येथे जपानी लोकांची वस्ती होती आणि ती फ्रान्सिस्कनांच्या देखरेखीखाली होती. तिथे जपानी बोलणारे ब्रदर म्हणजे देवाने पाठवलेला माणूसच! लवकरच गव्हर्नरालाही त्यांची गरज भासली.

हिदेयोशीच्या दरबारात

जपानमध्ये तेव्हा तोयोतोमी हिदेयोशी याची सत्ता होती. साध्या शिपाईगड्याच्या घरात जन्मलेल्या या माणसाने आपल्या पराक्रमाने सगळा देश एका छत्राखाली आणला होता. १५८७ साली त्याने फादरांनी देश सोडून जावे असा हुकूम काढला. पण पोर्तुगीजांचा रेशमाचा व्यापार हवा असल्यामुळे त्याची सक्त अंमलबजावणी केली नाही. येशूसंघीय फादर गुपचूप, गाजावाजा न करता काम करत राहिले. १५९२ साली हिदेयोशीने कोरियावर स्वारी केली आणि त्याच सुमारास मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराला निरोप धाडून आपले मांडलिकत्व पत्करण्यास सांगितले.

मनिलात घबराट पसरली. स्पॅनिश शिपाई थोडे आणि जपान तर जवळ. गव्हर्नर गोमेस पेरेस दासमारिन्यास याने आधी हुआन कोबो या डॉमिनिकन फादरांना दूत म्हणून पाठवले. ते परतीच्या वाटेवर समुद्रातील अपघातानंतर दगावले. मग १५९३ च्या मे महिन्यात फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाउतिस्ता यांना पाठवण्यात आले. सोबत दुभाषी म्हणून ब्रदर गोन्सालो.

हिदेयोशी तेव्हा क्यूशू बेटावरील नागोया येथे, कोरियाच्या लढाईच्या छावणीत होता. भोवती सरदार, शस्त्रे, सोने. त्यांच्यासमोर अनवाणी पायांचे चार व्रतस्थ. हिदेयोशीने दरडावून मांडलिकत्वाची मागणी केली. त्याचे म्हणणे फादरांना समजावून सांगायचे आणि फादरांचे उत्तर राजाला रुचेल, पण खोटेही ठरणार नाही अशा शब्दांत परत द्यायचे, हे काम वसईच्या ब्रदरांचे होते. एक शब्द चुकला असता तर जीव गेले असते, कदाचित युद्धही झाले असते. बोलणी निभावली. स्पेनच्या राजाचे उत्तर येईपर्यंत फादरांनी जपानमध्ये राहावे, असे ठरले आणि क्योटो शहरात त्यांना जागा मिळाली.

येथे आपण एक गोष्ट प्रामाणिकपणे लक्षात घेतली पाहिजे. हे व्रतस्थ धर्मप्रसारक होते. पण ते एका परक्या सत्तेचे दूत म्हणूनही आले होते. पुढे याच गोष्टीने घात केला.

क्योटोतील महारोगी

१५९४ साली क्योटोत फ्रान्सिस्कनांचे छोटे चर्च आणि मठ उभे राहिले. त्याला पवित्र मरियेचे नाव देण्यात आले. ब्रदर गोन्सालो बाजारात, सरकारी कचेरीत, कारागिरांच्या गल्लीत सगळीकडे जात. परवानग्या मिळवणे, माल आणणे, नव्या फादरांना भाषा शिकवणे, लोकांना शिकवण समजावून सांगणे, सारे त्यांच्याच अंगावर होते.

पण त्यांच्या कामाची खरी खूण महारोग्यांच्या सेवेत दिसते. महारोग झालेल्या माणसाला तेव्हा घरचेही जवळ करत नसत. फ्रान्सिस्कनांनी क्योटोत अशा लोकांसाठी संत अ‍ॅना आणि संत योसेफ यांच्या नावांनी दोन इस्पितळे चालवली. व्रतस्थ स्वतः त्यांच्या जखमा धूत आणि त्यांना जेवू घालत. ज्यांच्याकडून राजाला कर मिळत नाही, व्यापाऱ्याला नफा मिळत नाही, अशा माणसांजवळ ते बसले. साम्राज्य वाढवायला आलेल्या माणसाला महारोग्याच्या जखमेचा काय उपयोग?

ओसाका शहरातही त्यांचे एक छोटे घर झाले आणि त्याला बेथलेहेम हे नाव दिले गेले. फ्रान्सिस्कन उघडपणे मिस्सा करत, उघडपणे शिकवत. येशूसंघीय फादरांना ही पद्धत धोक्याची वाटे. आपण वर्षानुवर्षे सांभाळून चाललेले काम एका दिवसात बुडेल, अशी त्यांना भीती होती. शिवाय जपान हे केवळ येशूसंघाचे कार्यक्षेत्र असावे, असा पोप ग्रेगरी तेरावे यांचा १५८५ सालचा आदेश होता. दोन्ही संघांत यावरून कटुता होती. एका संघाने वाढवलेले आणि दुसऱ्या संघाने स्वीकारलेले गोन्सालो या दोघांच्या मधोमध उभे होते.

सान फेलिपे जहाज

१५९६ च्या सप्टेंबरमध्ये जपानला मोठ्या भूकंपाचा धक्का बसला. हिदेयोशीचा फुशिमी येथील नवा वाडा कोसळला. कोरियाच्या लढाईने खजिना रिता होत होता. अशा वेळी १२ जुलै १५९६ रोजी मनिलाहून आकापुल्कोला निघालेले सान फेलिपे हे अवजड स्पॅनिश जहाज वादळांत सापडले आणि ऑक्टोबरमध्ये शिकोकू बेटावरील तोसा प्रांताच्या किनाऱ्याला मोडक्या अवस्थेत लागले. त्यातील मालाची किंमत दहा लाख पेसोंहून अधिक होती. हिदेयोशीने सारा माल जप्त केला.

जहाजावरील लोकांनी क्योटोतील फ्रान्सिस्कनांकडे मदत मागितली. फादर पेद्रो बाउतिस्ता यांनी रदबदली केली. पण उपयोग झाला नाही. याच जहाजावर मेक्सिकोत जन्मलेले तरुण व्रतस्थ फिलिप होते. धर्मगुरूपदाच्या दीक्षेसाठी ते घरी निघाले होते आणि नियतीने त्यांना क्योटोत आणून सोडले.

मग एक गोष्ट पसरली. जहाजाच्या सुकाणूधाऱ्याने जपानी अधिकाऱ्यांना जगाचा नकाशा दाखवून स्पेनच्या राजाची भूमी किती अफाट आहे, हे बढाईने सांगितले आणि आधी धर्मगुरू जातात, मागून सैन्य येते, असे सुचवले, अशी ती गोष्ट. तो खरोखर असे बोलला की नाही, यावर तेव्हापासून वाद आहे. स्पॅनिश आणि पोर्तुगीज एकमेकांवर दोष ढकलत राहिले. परंतु ही गोष्ट हिदेयोशीला पटण्यासारखी होती, हे नाकारता येत नाही. शेजारच्या फिलिपीन्समध्ये त्याला स्पॅनिश किल्ला आणि चर्च शेजारी शेजारी दिसत होते. संशय निराधार नव्हता. पण त्याची शिक्षा ज्यांना झाली ते निरपराध होते.

डिसेंबर १५९६ मध्ये क्योटो आणि ओसाका येथील फ्रान्सिस्कन घरांभोवती पहारे बसले. ब्रदर गोन्सालो क्योटोत पकडले गेले. एकूण २४ जण धरले गेले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, पॉल मिकी यांच्यासह येशूसंघाशी संबंधित तीन जपानी आणि बाकीचे जपानी प्रापंचिक ख्रिस्ती होते. सुतार, स्वयंपाकी, वैद्य, दुभाषी, अशी ही साधी माणसे. मठात मदत करणारी लहान मुलेही त्यांत होती. सर्वांत लहान लुईस इबाराकी अवघ्या १२ वर्षांचा.

नागासाकीची वाट

३ जानेवारी १५९७ रोजी क्योटोत त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला. नाक आणि दोन्ही कान कापण्याचा मूळ हुकूम होता. एका अधिकाऱ्याच्या दयेने तो एका कानावर आला. मग तिघा-तिघांना बैलगाड्यांत बसवून क्योटो, ओसाका आणि साकाई या शहरांतून फिरवण्यात आले. लोकांनी घाबरावे, हा हेतू होता.

तिथून सुमारे ८०० किलोमीटरचा नागासाकीचा प्रवास सुरू झाला. ऐन हिवाळा, बर्फ, बांधलेले हात. महिनाभर ते चालत राहिले. वाटेत त्यांची सेवा करणाऱ्या आणखी दोघा ख्रिस्ती माणसांना पकडून त्यांच्यात टाकण्यात आले आणि संख्या २६ झाली. गोन्सालो तेव्हा सुमारे ४० वर्षांचे होते. गावागावांत जमणाऱ्या गर्दीशी तिच्या भाषेत बोलू शकणारे परदेशी व्रतस्थ म्हणजे मुख्यतः तेच. ज्या भाषेत त्यांनी कधी मुलांना प्रार्थना शिकवल्या, ज्या भाषेत माल विकला, ज्या भाषेत राजाशी बोलणी केली, त्याच भाषेत ते आता आपल्या मरणाचे कारण सांगत होते.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी सकाळी ते नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर पोहोचले. टेकडीवरून बंदर दिसते. पंचवीस वर्षांपूर्वी ते जपानला आले, तेव्हा हे बंदर नुकतेच वसले होते. ओळीने २६ क्रूस ठेवले होते. ब्रदर गोन्सालो यांनी सर्वांत आधी पुढे होऊन आपल्या क्रूसाला मिठी मारली, असे परंपरा सांगते. जपानी पद्धतीप्रमाणे लोखंडी कड्या आणि दोरांनी त्यांना क्रूसाला बांधले गेले. समोर हजारो लोक होते. पॉल मिकी यांनी क्रूसावरून आपल्या देशबांधवांना अखेरचे प्रवचन दिले आणि मारेकऱ्यांना क्षमा केली. मग भाले चालले.

जवळ लावलेल्या फलकावर हिदेयोशीचा निवाडा लिहिलेला होता. या लोकांनी लुझोनहून दूत म्हणून येऊन मनाई असलेला धर्म शिकवला, असा त्याचा मथितार्थ. दूत आणि धर्म, हे दोन शब्द एकाच वाक्यात आले. गोन्सालो आणि त्यांचे सोबती त्या वाक्याखाली मेले.

२६ जणांपैकी २० जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचे आणि एक वसईचे. म्हणजे त्या टेकडीवर अमेरिका, युरोप आणि आशिया खंडांची माणसे एका ओळीत उभी होती. राजांनी वाटून घेतलेला महासागर त्या ओळीत एक झाला!

त्यानंतर

१५९७ मध्ये मनिलाहून एक वकील हत्तीची भेट घेऊन हिदेयोशीकडे आला आणि त्याने रक्तसाक्ष्यांचे अवशेष व जप्त केलेला माल मागितला. माल परत मिळाला नाही. पुढल्याच वर्षी हिदेयोशी वारला. १६१४ नंतर तोकुगावा सत्ताधीशांनी ख्रिस्ती धर्मावर कडक बंदी घातली, १६३९ साली पोर्तुगीजांना हाकलले आणि जपानने बहुतेक साऱ्या युरोपला आपले दार लावून घेतले.

१६२७ साली पोप अर्बन आठवे यांनी या २६ जणांना धन्यवादित म्हणून मान्यता दिली. ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी त्यांना संत घोषित केले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १७ मार्च १८६५ रोजी, नागासाकीतील ओउरा येथे या २६ जणांच्या नावे नुकतेच बांधलेल्या चर्चमध्ये काही शेतकरी बायामाणसे आली आणि आपणही त्याच श्रद्धेचे आहोत, असे त्यांनी फ्रेंच फादरांना हळूच सांगितले. अडीचशे वर्षे फादर नाहीत, मिस्सा नाही, तरी आईबापांनी मुलांना प्रार्थना शिकवत श्रद्धा जपली होती. परदेशी गलबते गेली, तोफा गेल्या, व्यापार गेला. उरले ते घराघरांतले बीज.

१९६२ मध्ये निशिझाका टेकडीवर २६ जणांचे कांस्यशिल्प आणि संग्रहालय उभे राहिले. पोप जॉन पॉल दुसरे १९८१ साली आणि पोप फ्रान्सिस २०१९ साली तिथे प्रार्थनेसाठी गेले.

इकडे वसईचा कोट १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मराठी फौजेने जिंकला. पोर्तुगीज सत्ता संपली. कोटातील चर्चांचे आता पडके अवशेष राहिले आहेत. तरीही वसईची श्रद्धा संपली नाही. गास गावात संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचे चर्च आहे, वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. वसईतही सत्ता गेली आणि श्रद्धा टिकली.

आपल्यासाठी बोध

१५९७ च्या सुरुवातीला, नागासाकीला क्रूस उभे राहत होते त्याच सुमारास, खानदेशचा सुलतान राजा अली खान गोदावरीकाठी सोनपेठजवळच्या लढाईत मोगलांच्या बाजूने लढताना पडला. पुढे अकबराने असीरगडाला वेढा घातला आणि जानेवारी १६०१ मध्ये गड घेतला. त्या छावणीत अकबरासोबत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या घराण्यातील फादर जेरोम झेवियर होते. गड पडत नाही असे पाहून अकबराने त्यांच्यामार्फत पोर्तुगीजांकडून तोफा मागवण्याचा विचार केला. फादरांनी ते काम करण्यास नकार दिला आणि बादशहाचा रोष ओढवून घेतला. म्हणजे सत्तेच्या छावणीत राहायचे आणि तरी सत्तेचे हत्यार व्हायचे नाही, ही कसरत आपल्या खानदेशच्या मातीतही झालेली आहे.

आपण जळगाव-धुळ्याचे ख्रिस्ती लोक संख्येने थोडे आहोत. आपली श्रद्धा परक्यांची, गोऱ्यांनी आणलेली, असे शब्द कधी शाळेत, कधी कचेरीत, कधी शेजाऱ्याकडून कानावर पडतात. त्यावर चिडून भांडण्याने काही साधत नाही. इतिहासात सत्ता आणि धर्म यांची सरमिसळ झाली, ती कबूल करायला आपण घाबरू नये. गोन्सालो यांचे जीवन आपल्याला त्याहून चांगले उत्तर देते. त्यांनी ज्या लोकांत राहायचे ठरवले, त्यांची भाषा मनापासून शिकली. मिळालेली संपत्ती सोडली. ज्यांना कोणी विचारत नव्हते, त्यांच्या जखमा धुतल्या. आणि संकट आले तेव्हा पळून न जाता त्याच लोकांबरोबर चालत गेले.

आपल्या भागात अहिराणी आहे, भिलोरी आहे, पावरी आहे. आपल्या घरकामाला येणाऱ्या बाईची, शेतावरच्या मजुराची, दवाखान्याच्या रांगेत गोंधळून उभ्या असलेल्या आदिवासी आजीची भाषा आपल्याला येते का? तिचा फॉर्म भरून द्यायला, डॉक्टरांचे म्हणणे तिला तिच्या शब्दांत समजावून सांगायला आपण पाच मिनिटे थांबतो का? संत गोन्सालो यांनी आयुष्यभर हेच केले. एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत खरेपणाने पोहोचवले. दुभाष्याचे हे काम आपल्यापैकी प्रत्येकाला करता येण्यासारखे आहे.

या ६ फेब्रुवारीला मिस्साला येताना घरातील मुलांना वसईच्या या मुलाची गोष्ट अवश्य सांगा. आणि ज्या तरुणांची एखादी चांगली इच्छा माणसांनी नाकारली आहे, त्यांनी त्यांच्याकडे विशेष पाहावे. एक दरवाजा बंद झाला म्हणून गोन्सालो देवापासून दूर गेले नाहीत. दुसऱ्या दरवाजाने ते त्याच जपानला परत आले आणि आज दोन्ही संघांचे रक्तसाक्षी एकाच दिवशी, एकाच वेदीवर स्मरले जातात.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हां खानदेशवासीयांसाठी प्रार्थना करा.